काका म्हणू नये

ह्यांना लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी होती आणि मला तिथल्या क्वार्टर्समध्ये एकच मैत्रीण होती, वरच्या मजल्यावरच्या तुर्की डॉक्टरांची बायको. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमायचं. रोज दुपारी ती चहाला खाली यायची. मग एकाएकी यायची बंद झाली. तिचा नवरा तर जिन्यात आमची लेक दिसली की तोंड फिरवायचा. आम्ही काय घोडं मारलं होतं यांचं? मी फोडणीच्या वासाला दोष दिला, ह्यांनी माझ्या तोंडाला. खरं सांगते, दुपारी घर मला खायला उठायचं.

त्याच सुमारास तुर्की मंडळींनी चर्च हॉलमध्ये आपला सिनेमा लावला. लोककथेवरचा, सुलतानांच्या काळातला, विनोदी, कोणीही यावं. म्हटलं, आज तिला गाठायचीच. लेकीला घेऊन गेले आणि मुद्दाम त्या दोघांच्या मागे बसले. ती वळून कसनुसं हसली नि पुन्हा पुढे बघू लागली.

भाषा कळत नव्हती, पण गोष्ट कळत होती. दरबार भरलाय, परदेशी राजदूत वाकलाय, आणि सुलतानाच्या मांडीवरचा छोटा राजपुत्र ओरडतो, "काका! काका!" तसा वजीर पगडी सावरत धावतो आणि पोराला शी करायचं सोन्याचं भांडं घेऊन येतो. राजदूताला वाटतं, हा आपल्यालाच दिलेला नजराणा. तो ते भक्तिभावाने कपाळाला लावतो.

आमच्या बाईसाहेबांना अख्ख्या सिनेमात ओळखीचा एक शब्द सापडला. त्या खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांच्या टकलाकडे बोट दाखवून किंचाळल्या, "आई, माझे काका पण इथे आहेत! काका!"

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कार्टी रोज जिन्यात या भल्या माणसाला 'शी' म्हणून हाक मारत होती, आणि मागून "नीट मोठ्यांदा म्हण गं" असं माझं चालूच.

मी मैत्रिणीचा दंड धरला. "नो, नो! काका मीन्स अंकल! फादर्स ब्रदर! फुल रिस्पेक्ट!"

"वी थॉट यू टीच हर," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मीही.

डॉक्टर वळले, कानापर्यंत लाल. "इन टर्किश, अंकल इज आमजा," ते लेकीला म्हणाले. "से, आमजा."

"आमचा?"

"येस, येस. आमजा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. लेक धावत गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, आमचाची बायको आली!"

मी चहाचं आधण आधीच दोघींचं ठेवलं होतं.