हजार फुटांची चूक

मी काय काम करतो, हे मला आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही. रियाधला येऊन नऊ वर्षं झाली, तरी सासरे दर फोनला विचारतात, "विमानतळावरच आहात ना अजून?" अहो, विमानतळावर नाही! मी बसतो चौथ्या मजल्यावर, बाहेर भट्टी पेटलेली असताना एसीच्या गारठ्यात स्वेटर घालून, आणि नियम लिहितो.

हल्ली प्रत्येक विमान रेडिओवरून सारखं सांगत असतं, मी इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे. दुसऱ्या विमानातली एक पेटी ते ऐकते आणि वैमानिकाला पडद्यावर दाखवते, की शेजारी कोण आहे, किती अंतरावर आहे. ती पेटी कशी वागली पाहिजे आणि तशी वागते की नाही हे कसं तपासायचं, याचं एक जाडजूड पुस्तक असतं. देशोदेशींची माणसं आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवर जमतात आणि त्यातल्या एकेका ओळीवर तासतासभर भांडतात. तपासणीची काही पानं माझ्याकडे होती. आमच्या ऑफिसकडून त्या पुस्तकात पहिल्यांदाच कुणी काही लिहीत होतं, त्यामुळे माझी मान जरा ताठच होती.

या कामात मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट कुठली, तर विमानाची उंची. विमान आपली उंची हवेच्या दाबावरून मोजतं. आता आमच्याकडच्या उन्हाळ्यात हवा तापून अशी फुगते, की तो आकडा साफ खोटा पडतो. विमान सांगतं त्यापेक्षा हजार-दीड हजार फूट वर असू शकतं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी ज्याला त्याला विचारत सुटलो होतो. अरे बापरे, मग ही आपटत कशी नाहीत? तर शेजारचं विमानही तेवढंच चुकत असतं म्हणून! एका आभाळातली सगळी विमानं एकाच मापाने चुकतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर बरोबर राहतं. हे ज्याला कुणाला पहिल्यांदा सुचलं असेल, त्याचे पाय धरावेत असं मला अजून वाटतं.

आणि नेमकी तिथेच मी माती खाल्ली.

विमानाला उपग्रहाकडूनही उंची कळते, आणि ती खरी असते. माझ्या तपासणीत मी स्वतःच्या विमानाची उंची उपग्रहाची घेतली आणि समोरच्याची हवेच्या दाबाची. खऱ्यातून खोटं वजा केलं. चाचणीसाठी मिळालेल्या विमानांच्या नोंदी एका थंड देशातल्या होत्या. तिथे त्या दिवशी दोन्ही उंच्या जवळपास जुळत होत्या, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही. त्या देशोदेशींच्या माणसांच्या समितीने पानं मंजूर केली. बायकोने शिरा केला.

मग जुलैतल्या एका दुपारी, हाताशी काम नव्हतं म्हणून, मी आमच्या इथल्या नोंदी त्याच चाचणीत घालून पाहिल्या. एकमेकांपासून हजार फुटांवरून व्यवस्थित गेलेली दोन विमानं एकाच उंचीवर दिसायला लागली. पेटी बिघडली, असं म्हणून मी आधी तिला चार शिव्या घातल्या. मग चूक सापडली, आणि तिची दुसरी बाजूही दिसली. जी विमानं खरोखरच एका उंचीवर समोरासमोर येतील, ती पडद्यावर हजार फूट खाली-वर दिसतील. पडदा म्हणणार, सगळं ठीक आहे. आणि अशी पेटी माझ्या तपासणीत पहिल्या नंबराने पास होणार.

महिन्याभरात माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, ऑफिसला वाढवायचा होता. तो वाढला नाही तर मुलीची बारावी अर्ध्यावर सोडून चंबूगबाळं आवरावं लागणार. शिवाय ही चूक मी सोडून कुणालाही दिसलेली नव्हती. गप्प बसावं, असं मनात आलं नाही म्हणालो तर ते खोटं होईल. आलं, आणि घरी जेवताना भाजीत मीठ नव्हतं तेही कळलं नाही इतकं आलं. शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आपण सुट्टीला जातो ते कशातून जातो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुदीरच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या, खोलीत गेलो. साहेब इथलेच, वयस्क. उभी हयात विमानांना वाटा सांगण्यात गेलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला वेलचीचा कहवा दिला आणि म्हणाले, "मी तरुण असताना दोन विमानांना चुकून एकाच उंचीवर पाठवलं होतं. वेळेवर लक्षात आलं. तो रिपोर्ट माझा मीच लिहिला." मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मग काय? ती सगळी माणसं त्या दिवशी घरी जाऊन जेवली. खलास. आज दुपारी सभेत सांग."

"आणि माझा इकामा?"

"आधी सभा," एवढंच बोलून ते कागदात डोकं घालून बसले. राग आला मला. धीराचा एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं?

समितीत हरकत घ्यायचा एक तक्ता असतो. हरकत कुणाची, लिखाण कुणाचं, चूक काय. मी पहिल्या दोन्ही रकान्यांत माझंच नाव लिहिलं आणि दुपारी तो तक्ता सगळ्यांसमोर वाचून दाखवला. पडद्यावर ती सगळी तोंडं आपापल्या चौकटीत. आता माझी सालटी निघणार, असं धरूनच मी बसलो होतो. रियाधला येण्याआधी मी एका कारखान्याच्या प्लांटवर नोकरी केली आहे. चूक झाली की ती दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारायची, यात तिथे एकेक माणूस पटाईत.

सभेच्या अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा, मी मोजून बघते." पाच मिनिटं त्यांनी खरोखर आकडेमोड केली. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. आभारी आहे." तेवढ्यात एकाने हात वर केला. "हे पान मी दोनदा वाचून होकार दिला होता. लिखाणाच्या रकान्यात माझंही नाव घाला." त्याच्यामागोमाग दुसरा म्हणाला, "त्या नोंदी मी दिल्या होत्या. माझंही." मग तिसरी. मग बाईंनी स्वतःचं नाव घातलं. बघता बघता रकाना भरला! चुकीवर हक्क सांगायला माणसं अशी पुढे सरसावताना मी जन्मात पाहिली नव्हती. मी कॅमेरा बंद केला आणि डोळे पुसले. लाज कसली त्यात?

साहेबांनी इकामा वाढवला. लिहिण्याचं काम मात्र काढून घेतलं, आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायला बसवलं. ही शिक्षा की बढती, हे मी विचारलं नाही. पुस्तक निघालं, त्यात ती चाचणी बरोबर आहे. तो तक्ता पुस्तकात छापत नाहीत.

त्यानंतर सुट्टीला मी एकटाच निघालो. शेजारच्या सीटवर खफजीच्या कामगार-कॅम्पमधले एक वेल्डर होते, दोन वर्षांनी रत्नागिरीला घरी चाललेले. पट्टा लावताना त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी आपलं नेहमीसारखं लांबण लावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे इमानं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून पुस्तक लिहिता?"

"तसंच काहीसं."

"असं होय? मग मी झोपतो बिनघोर." आणि हँडबॅग पोटाशी धरून ते खरंच झोपले.

भर दुपार होती. खाली नुसती वाळू. मी खिडकीतून बघत होतो, आणि समोरून एक विमान आलं. आमच्या खालून, अगदी खिडक्या मोजता येतील असं वाटावं इतकं जवळून ते सर्रकन निघून गेलं. हजार फूट. त्या उन्हात दोन्ही विमानं उंची खोटी सांगत होती, सारखीच खोटी. माझ्या तोंडून मोठ्याने "अगं आई गं!" निघून गेलं. आणि माझा हात त्या वेल्डरच्या दंडावर गच्च आवळला गेला.

ते दचकून जागे झाले. "काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हणालो. "झोपा तुम्ही."