खसखशीचं दूध

माझा धाकटा भाऊ गांजाच्या केसमध्ये दोषी ठरला. माल थोडासा आणि व्यसन जुनं, म्हणून कोर्टानं तुरुंगाऐवजी उपचारांच्या अटीवर त्याला बॉण्डवर सोडलं. माळशिरसकडचं घर बंद करून तो आणि आई जुळे सोलापूर भागातल्या माझ्या फ्लॅटवर आले. अधूनमधून त्याच्या लघवीची तपासणी व्हायची, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका तपासणीत अफूचा अंश निघाला आणि कोर्टाची नोटीस आली. अट मोडली असं ठरलं तर तुरुंग होता.

"अफू मी बघितली बी न्हाय, ताई," असं आधी तो तावातावानं सांगायचा. मग हळूहळू सांगेनासा झाला. सकाळी उठला की स्वतःचे हात हुंगायचा, चपला उलट्या करून माती लागलीय का बघायचा. झोपताना आईच्या साडीनं स्वतःचा पाय कॉटला बांधायचा. झोपेत उठून आपण कुठंतरी जातो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मला ही सगळी नाटकं वाटायची, चिडचिड व्हायची. पण एके दिवशी तो आंघोळीला गेला असताना मीच त्याच्या चपला उलट्या करून बघितल्या, आणि माती नव्हती तरी पुन्हा एकदा बघितल्या.

सरकारकडून मोफत मिळालेल्या वकीलबाई शांत होत्या. नोटीस आली म्हणजे तुरुंग झाला असं नाही, त्या म्हणाल्या. त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कोर्ट बॉण्ड रद्द करत नाही. राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासायची मागणी करता येते. आणि कबूल कर म्हणून कुणी जबरदस्ती करू शकत नाही.

"पण मला कबूल करायचंय," भाऊ म्हणाला.

"घेतल्याचं आठवतंय?"

"न्हाय. पण घेतली असणार की."

बाईंनी तो काय खातो-पितो ते विचारलं. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली.

"मी देते त्याला खसखस. भिजवून, वाटून, दुधातनं. झोपच न्हाय लागत पोराला. औषध म्हटलं की घेत न्हाय, म्हणून बदामाचं दूध हाय म्हणून सांगते."

खसखशीनंही तपासणीत असा अंश येऊ शकतो, हे बाईंना ठाऊक होतं. फेरतपासणीत सापडलेलं प्रमाण खसखशीनं येईल इतकं किरकोळच निघालं. आईनं कोर्टात शपथेवर तेच सांगितलं, आणि बॉण्ड कायम राहिला.

बाहेर आल्यावर आई रिक्षा बघायला पुढं गेली. भावानं माझा हात धरला.

"ताई, आई खरं बोलली का मला वाचवायला बोलली?"

"खरं बोलली," मी लगेच म्हणाले.

घरी स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे उघडून खसखस आहे का ते एकदा बघितलं असतं, तर माझं मला कळलं असतं. माझा हात अजून त्या फळीपर्यंत गेलेला नाही.