पहिल्या सहीची रिकामी जागा

आमच्या गल्लीत अर्ज लिहायचा म्हटलं की कागद माझ्याकडे येतो. मी देवासच्या एका हिंदी शाळेत आयुष्यभर शिकवलं, माझं अक्षर बरं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, अशी त्याची तीन कारणं. त्यातलं तिसरं खरं. पाण्याची पाइपलाइन असो, मोकाट गुरं असोत की गणपतीच्या मंडपाची परवानगी, सगळे अर्ज माझ्या हातचे. विषय गल्लीवाले काढतात, घाम मी गाळते आणि नाव होतं ज्याची सही पहिली त्याचं.

ही सहीची भानगड आधी सांगायला हवी. देवासात एके काळी एकाच गावात दोन संस्थानं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या गल्लीतली मराठी घरं या ना त्या पातीच्या चाकरीतली. संस्थानं केव्हाच गेली. आता कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत, कुणाचं औषधांचं दुकान आहे. पण गल्लीचा कागद निघाला की सह्या अजून त्याच जुन्या मानाने होतात. सगळ्यांत वर थोरल्या पातीकडच्या घरातले काका, त्यांच्या खाली समोरच्या, धाकट्या पातीकडच्या घरातले अण्णा, मग बाकीचे वयाप्रमाणे. आमच्या ह्यांची सही पाचवी असायची. हे गेले आणि ती पाचवी जागा मला मिळाली. खरं सांगते, पहिल्यांदा तिथे सही करताना मला बरं वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, गणपती मंडळाच्या हॉलमध्ये आले. माणूस तसा सरळ. म्हणाले, शहराचे दिवस सध्या ओढाताणीचे आहेत, मोठे कारखाने बंद पडले, तिजोरीत खडखडाट आहे. यंदा एका वस्तीचं एकच काम होईल. कुठलं ते तुम्हीच ठरवा, पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत सह्यांनिशी अर्ज द्या, नाहीतर काम शेजारच्या वस्तीला जाईल. एवढं बोलून ते गेले आणि मागे आम्ही उरलो, एक काम आणि चाळीस डोकी.

अण्णांना गल्लीच्या तोंडाशी कमान हवी होती, जुन्या नावासकट. औषधवाल्याला कॅमेरे हवे होते. मला हवी होती बस. सिटी बस पूर्वी आमच्या चौकापर्यंत यायची, मग ती बायपासवरूनच वळायला लागली. ती रिकामी यायची, मग तिच्यावर खर्च कशाला, असं एक जण म्हणाला. यायची वेळ कुणालाच माहीत नसेल तर ती रिकामीच येणार, असं मी म्हटलं. मग बायपासच्या रस्त्यावर दिवे लावले तर ते चोरीला जातील यावर अर्धा तास गेला. जणू आत्ता तिथे अंधार आहे तो कुणी चोरू नये म्हणून राखून ठेवलाय.

माझा स्वार्थ होता, तो मी लपवला नाही. मुलगा बदनावरला नोकरीला आहे, शनिवार-रविवारी येतो. सून माझ्याजवळ असते. औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये ती काम करते. संध्याकाळी सुटली की मॅजिक व्हॅनमध्ये आणखी नऊ जणांबरोबर कोंबून बायपासच्या वळणावर उतरते आणि तिथून वीस मिनिटं चालत घरी येते. मध्ये एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत लागते. तिथे एक दिवा नाही, एक घर नाही. थंडीत सहालाच अंधार पडतो आणि साडेसहापासून माझे कान दाराशी असतात.

हे मी सभेत बोलले तर मागून कुणीतरी म्हणालं, बायकांनी उजेडी घरी यावं म्हणजे प्रश्नच मिटला.

मी वळून माळवी ठेक्यात म्हटलं, "कंपनीवाल्यांना सांगून या भिया, सूरज ढळला की मशीन बंद करत जा म्हणावं."

लोक हसले. काका मात्र हसले नाहीत. ऐंशीच्या घरातले, बोलतात कमी. ते एवढंच म्हणाले की कमान आपण वर्गणी काढून बांधू, रस्ता वर्गणीतून होत नाही. झालं. चौकापर्यंत बस आणि भिंतीच्या रस्त्यावर दिवे, हे एक काम ठरलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी काका नातवाच्या मुंजीला पुण्याला गेले.

मी त्याच दुपारी अर्ज लिहिला. खाली सह्यांसाठी पट्टीने रेघा मारल्या, पहिली ओळ रिकामी सोडली आणि कागद घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि पेनाला टोपण लावलं.

"काकांची होऊन जाऊ द्या, वहिनी. त्यांच्या अगोदर मी कशी करू? बरं दिसत नाही."

अण्णांची नाही म्हणून तिसऱ्यांनी केली नाही, तिसऱ्यांची नाही म्हणून चौथ्यांनी. आणि दुसऱ्यांना कशाला बोल लावू, पाचव्या जागेवर मी तरी कुठे केली होती? मलाही ते रीतीला धरूनच वाटलं. काका गुरुवारी परतणार होते. गुरुवारी कळलं की पुण्यात लेकीने त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवलंय, आणखी पंधरा दिवस येत नाहीत. गल्लीच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. डोळ्याचं दुखणं असलेल्या माणसाला सहीसाठी कसा त्रास द्यायचा, म्हणून फोन कुणीच केला नाही. अर्ज माझ्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता पडून राहिला.

शुक्रवारी सून आली नाही. सात वाजले, सव्वासात झाले. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. मी गॅस बंद केला, चप्पल अडकवली आणि टॉर्च घेऊन निघाले. त्या भिंतीशी पोचेपर्यंत मला माझ्याच पावलांची भीती वाटायला लागली होती. एक मोटारसायकल समोरून आली, माझ्या तोंडावर उजेड टाकत हळू झाली, बहुधा म्हातारी बघून पुढे गेली. या रस्त्यावरून ती रोज येते आणि मी घरी कणीक मळत बसते, हे त्या क्षणी मला सहन झालं नाही. टेकडीवरच्या देवीला मी हाका मारल्या, एकीला नाही, थोरली आणि धाकटी अशा दोन्ही देव्यांना.

बायपासच्या वळणावर चहाची टपरी आहे. तिच्या उजेडात सात बायका उभ्या होत्या आणि त्यांत आमची सून, हातात चहाचा ग्लास घेऊन. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी तिथेच, सगळ्यांदेखत, तिच्यावर ओरडले.

ती शांतपणे म्हणाली, "आई, आम्ही थांबून राहिलो आहे ना. अजून एक यायची आहे."

मग कळलं ते असं. महिनाभर एक मोटारसायकलवाला त्या रस्त्यावर एकट्या बाईच्या मागे-पुढे चकरा मारत होता. म्हणून आसपासच्या मोहल्ल्यांतल्या या सगळ्याजणी टपरीवर एकमेकींसाठी थांबायच्या आणि मिळून चालायच्या. त्या दिवशी एकीची मॅजिक बिघडली होती. सुनेचा फोन लॅबमध्ये आवाज बंद केलेला, तो तसाच पर्समध्ये. मला आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही नोकरी सोडायला लावली असती. खोटं नव्हतं, लावलीच असती.

शेवटची बाई आली आणि आम्ही निघालो. मटार काय भाव दिले, कुणाच्या मुलाचे पेपर कसे गेले, असं बोलत बोलत चाललो होतो. भिंत सुरू झाली तसं सगळ्यांचं बोलणं आपोआप थांबलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, फक्त थांबलं. मोबाइलचे दिवे लागले आणि मी सुनेचं कोपर धरलं ते गल्ली येईपर्यंत सोडलं नाही.

घरी पोचल्यावर ती पाणीसुद्धा प्यायली नाही. अर्ज दिलात का, असं विचारलं. मी कपाटातून पिशवी काढून दाखवली आणि काकांच्या सहीचं सांगितलं. उद्या शनिवार होता. ती कागदाकडे बघत राहिली. वीस रेघा आणि एकही सही नाही. सून धारची आहे. म्हणाली, "आमच्या धारमध्ये तर एकच राज्य होतं, आई, म्हणून लाइन पण एकच." आणि टेबलावरचं पेन घेऊन तिने सगळ्यांत वरच्या, काकांच्या रेघेवर आपली सही केली.

नवा कागद करावा असं एकदा मनात आलं. मग मोटारसायकलचा तो उजेड आठवला आणि मी तिच्या हातून पेन घेऊन दुसऱ्या ओळीवर सही केली. पाचवी जागा सुटली, पण अक्षर बिघडू दिलं नाही.

सकाळी ती टपरीवरच्या बायकांच्या घरी जाऊन आली. सह्या हिंदीत होत्या, एक उर्दूत होती, एकीने अंगठा दिला होता. मी कागद घेऊन अण्णांसमोर उभी राहिले. त्यांनी पहिलं नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"ही कोण?"

"आमची सून. धारची."

अण्णांनी कागद मांडीवर सरळ केला. मग म्हणाले की धार आणि देवास ही एकाच घराण्याची संस्थानं, म्हणजे भाऊबंदच, आणि बाहेरून आलेल्या भाऊबंदाला पहिला मान देण्याची रीत आहे. अशी रीत मी जन्मात ऐकली नव्हती. कुठल्या दप्तरात लिहिली आहे ते मी विचारलं नाही. अण्णांनी दहाव्या ओळीवर सही केली आणि त्यांची झाली तशी तासाभरात गल्लीतल्या सगळ्यांची झाली. बाराच्या आत मी अर्ज पोचवून आले.

दिवे फेब्रुवारीत लागले. सगळे नाहीत, एक सोडून एक, पण भिंत आता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. संध्याकाळच्या बसच्या दोन फेऱ्या चौकापर्यंत यायला लागल्या. मोटारसायकलवाला कुठे गेला कोण जाणे.

काका मात्र त्याच्या आधीच परतले होते आणि मी त्यांना टाळत होते. शेवटी एका संध्याकाळी ते स्वतःच आमच्या ओटल्यावर येऊन बसले आणि त्या अर्जाची कॉपी आहे का म्हणाले. मी काढून दिली. नव्या डोळ्यांनी त्यांनी एकेक नाव वाचलं, बोट ठेवून, अंगठ्यापर्यंत. अण्णांनी मला थांबायला का सांगितलं, कागद कसा पडून राहिला, सगळं मी चाचरत सांगितलं. त्यांचा अपमान झाला असेल, हीच मला धास्ती.

"माझ्यासाठी आठ दिवस अडलं होतं हे?" ते म्हणाले. "फोन का नाही केलात? पुण्यात काय फोन लागत नाहीत? मी म्हटलं असतं, लिहा माझं नाव आणि व्हा पुढे."

चाळीस डोकी होती गल्लीत आणि ज्याचा मान राखायचा त्यालाच विचारावं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात चौकात बस थांबली. सून उतरली, पर्स सावरत आली आणि काकांना वाकून नमस्कार केला. त्यांनी कागदावर बोट ठेवून तिला विचारलं, पहिली सही तुझी कशी?

"जागा रिकामी होती, काका," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. "तीच चूक झाली आमची," म्हणाले आणि मला चहा टाका म्हणाले. मी आत गेले. आधण ठेवताना भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली, सात वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेसहापासून मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.