कादंबरीतला बाप

समाज म्हणजे काय ते मला विसाव्या वर्षीच कळलं होतं, कारण मी कादंबऱ्या वाचल्या होत्या. नागपूरच्या कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त. पाच-सहा वर्षं तिथेच शिकवण्या करून मग ती ट्रंक घेऊन मी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, आरमोरीजवळच्या एका गावात मास्तर म्हणून रुजू झालो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि गाव सुधारायची मला फार घाई होती.

सोबत धाकटी बहीण होती, स्वयंपाकपाण्याला. तिच्या एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून ती माझ्याकडे. आता चोविसाची होती. बिनकाठाचं पांढरं पातळ नेसायची, कपाळ मोकळं. माझ्या मते मी तिला फार सुधारलेल्या पद्धतीनं ठेवलं होतं. तिनं वर्तमानपत्र वाचायला माझी काहीच हरकत नव्हती, माझं वाचून झाल्यावर.

धानाची मळणी आटोपली तसा मी दर रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत एक कादंबरी वाचून दाखवायला लागलो. जुनी, थोर म्हणून नावाजलेली, सामाजिक. त्यात कोवळ्या वयात विधवा झालेली मुलगी होती, माजघरातला अंधार होता, आणि तिच्यासाठी आतल्या आत तुटणारा पण लोकांपुढे ब्र न काढणारा तिचा बाप होता. हा बाप मी फार छान वाचायचो. ऐकणाऱ्यांना रडू कुठे येईल ते हेरून समासात पेन्सिलीनं 'थांबणे' असं लिहूनही ठेवलं होतं. आमची खोली शाळेला लागून होती. बहीण दाराआड तांदूळ निवडत ऐकायची.

तिसऱ्या रविवारी पहिलं 'थांबणे' आलं. मी थांबलो. डोळ्याला पदर कोणीच लावला नाही. पुढेच बसलेल्या म्हाताऱ्या पाटलीणबाईंनी विचारलं, "मास्तर, या पोरीचा पाट काऊन नाई लावून राह्यले?"

त्या गावात विधवेचा पाट लावणं, म्हणजे तिचं दुसरं लग्न करून देणं, ही रोजच्यातली गोष्ट होती. दहा-पाच माणसं जमायची, नवं लुगडं, नव्या बांगड्या, गूळ वाटला की झालं. हे मला कोणत्याच पुस्तकात भेटलं नव्हतं.

"त्या घरात ती रीत नाही," मी समजुतीनं म्हणालो.

"मानसं वाईट हायेत का घरची?"

"छे! बाप तर देवमाणूस आहे. त्याच्या मनाची घालमेल बघा ना."

"त्याले कायची घालमेल? अंधारात तं ते पोरगी बसून हाय."

लोक हसले. पुढचे सगळे रविवार हसतच गेले. बाप आला की माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. मराठी साहित्यातलं एक अजरामर व्यक्तिचित्र त्या पडवीत पार सोंग होऊन बसलं. मी चिडलो, रुसलो, एकदा पुस्तक मिटून निघूनही गेलो. पाटलीणबाईंचा भाचा तेवढा हसत नसे. हा सिंदेवाहीला भाताच्या सरकारी शेतावर मुकादम होता. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. सायकल हाणत यायचा, मागे बसायचा आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "अना त्या पोरीले कोनी इचारलं का, मास्तर, तिले काय पायजे ते?" आत सुपाचा आवाज थांबल्याचं मला तेव्हा ऐकू यायचं. मी म्हणायचो, कादंबरीत तसा प्रसंग नाही.

शेवटी मुलगी झुरून मेली. लोक नाराज होऊन घरी गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी पाटलीणबाई आमच्या दारात. सोबत दोन बाया, आणि हातातल्या सुपात हिरवं लुगडं, बांगड्या, गुळाचा खडा.

"बसा बाई. हे काय?"

"आता लाजू नोका, मास्तर. आमाले समजलं."

"काय समजलं?"

"आमच्याकडे पोरीवाला आपल्या तोंडानं नाई मागत. दुसऱ्याची गोठ सांगत राह्यते, मंग समजून घ्या लागते. तुमी तं बाप्पा दोन महिने सांगून राह्यले! रोज ते पोरगी, रोज तो बाप. आमचा भाचा म्हंते, तिले पसंत असन तं मी तयार हाय."

एवढं थोर पुस्तक यांनी माझ्या बहिणीचं स्थळ म्हणून ऐकलं होतं! मी उभा राहिलो. मला तिचं दुःख कळतं, पण माझे हात बांधलेले आहेत, नागपूरला नातेवाईक आहेत, आमच्या घरात ही रीत नाही, असं मी बोलत गेलो. आवाज चांगला लागला होता. बहीण दाराआडच होती. तिला विचारावं असं मला सुचलंच नाही.

पाटलीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग सूप उचललं आणि बरोबरच्या बायांना म्हणाल्या, "चाला वं. हा तं त्यातलाच बाप निंगाला."

पुढच्या रविवारी पडवीत कोणी आलं नाही. मी दुसरी कादंबरी घेऊन बसलो होतो. तेवढ्यात बहीण दाराबाहेर आली आणि पाटलीणबाईंच्या जागेवर मांडी घालून बसली. तिच्या हातात ती जुनी कादंबरी होती.

"वाच दादा," ती म्हणाली. "बापाचं वाच. तुला ते चांगलं जमतं."

ती घेऊन मी पान उघडलं. समासात माझ्याच अक्षरात 'थांबणे' होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी पुस्तक मिटून ठेवलं. ती उठून चुलीकडे गेली.

त्याच पावली पाटलीणबाईंकडे जायला हवं होतं. पण मी शिकलेला माणूस, मी विचार केला. नागपूरला काकांना पत्र घातलं, उत्तराची वाट पाहिली, ते माझ्या अपेक्षेप्रमाणेच नकाराचं आलं, मग त्यावर विचार केला. शेवटी होकार सांगायला गेलो तेव्हा गावात मोहफुलं वेचायला सुरुवात झाली होती. पाटलीणबाई अंगणात फुलं वाळत घालत होत्या.

"भाच्याले तिकडंच कोनी पोरगी पाहून देल्ली, मास्तर. गेल्या सोमवारी पाट लागला," त्या म्हणाल्या. रागानं नाही. "तुमचं पुस्तक लय मोठं हाय. मानसाजवळ येवढा टाइम नसते."

घरी येऊन मी बहिणीला सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

पुढे मी हायस्कुलात गेलो, मराठी शिकवू लागलो. तीच कादंबरी अभ्यासाला लागली आणि मी वर्षानुवर्षं परीक्षेत तोच प्रश्न घातला: बापाचे स्वभावचित्र रेखाटा. बहुतेक पोरं 'परिस्थितीने हतबल झालेला प्रेमळ पिता' असं लिहायची, गाइडात तसंच होतं. एखादा 'भित्रा' लिही. त्याला मी पैकीच्या पैकी मार्क द्यायचो. तपासलेल्या उत्तरपत्रिका नंबरवार लावून दोऱ्यानं बांधायचं काम माझ्या बहिणीकडे असे. मी निवृत्त होईपर्यंत ते तिनंच केलं.