टाचेमागचा दोर

दारावरच्या पाटीवर 'फिजिओथेरपी' लिहिलेलं होतं, पण येणारेजाणारे आतल्या बाईला पाठीमागे 'तोफ' म्हणत. बावीस वर्षं ती लोकांचे गुडघे, खांदे, घोटे बघत होती आणि बावीस वर्षं लोक तेच करत होते. ताज्या सुजेला शेक द्यायचा, दुखणं थांबलं की व्यायाम सोडायचा, आणि पुन्हा दुखलं की, "बाई, तुमच्या व्यायामाने काही फरक नाही पडला हो!" परक्यांचं एक वेळ सोसता येतं. सख्ख्या दादाने तेच केलं तेव्हा मात्र तिने कपाळाला हात लावला.

दादा शिंपी. वय त्रेपन्न. दिवसभर पायमशीन आणि संध्याकाळी बॅडमिंटन. एका संध्याकाळी मागे सरकत त्याने उडी घेतली आणि टाचेमागे फटकन आवाज झाला. तो वळून जोडीदारावर खेकसला, "लाथ काय घालतोस!" जोडीदार पाच हात लांब उभा होता.

पाय सुजला. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या कुणाच्या तरी ओळखीचा मालिशवाला आला. "लचक आहे," म्हणाला आणि गरम तेलाने पोटरी रगडून गेला. मग गोळ्या झाल्या, फवारा झाला, शेजाऱ्याचा जुना पट्टा झाला. बहिणीचा दवाखाना तीन गल्ल्या सोडून होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाराव्या दिवशी वहिनीनेच न राहवून नणंदेला फोन केला.

दुकानात आल्या आल्या तिने कापड बेतायच्या टेबलावरचा पसारा बाजूला लोटला आणि दादाला पालथं झोपवलं. धडक्या पायाची पोटरी दाबली तसं पाऊल आपोआप हललं. दुसऱ्या पायाची दाबली. पाऊल ढिम्म.

"दादा, पोटरीला टाचेशी जोडणारा दोर तुटलाय."

"तुटला असता तर चाललो कसा असतो?"

"बाकीच्या स्नायूंच्या जिवावर! त्या एका पायाच्या चवड्यावर उभा राहून दाखव."

टाच जमिनीवरून तसूभरही उचलेना.

दुसऱ्या दिवशी सर्जननेही तेच सांगितलं. लगेच आला असतात तर पाऊल खाली झुकवून बुटात बांधून बघितलं असतं. पुष्कळांचा दोर तेवढ्यावर जुळतो. आता टोकं लांब गेलीत. टाके घालणं बरं.

परतताना रिक्षात तोफ सुरू झाली. "मालिशवाला चालतो! शेजाऱ्याचा पट्टा चालतो! मीच तेवढी चालत नाही? मी काय बावीस वर्षं भजी तळली?"

दादा म्हणाला, "तू खरं सांगितलं असतंस. त्याने 'लचक' म्हटलं. मला तेवढंच ऐकायचं होतं. पाय गेला तर मशीन कोण मारणार?"

"मग मशीनला मोटर बसव ना, शहाण्या!"

ऑपरेशन नीट झालं. पायात गुडघ्यापर्यंतचा बूट आला. त्यात टाचेखाली पाचरी होत्या, दर काही दिवसांनी एकेक काढायची. पाचव्या आठवड्यात ती अचानक दुकानात गेली, तर बूट कोपऱ्यात आणि दादा मशीनवर.

"पाचच मिनिटं गं. गिऱ्हाईक खोळंबलंय."

तिने मशीनचा चामडी पट्टा काढला, पर्समध्ये टाकला आणि निघून गेली. दोन दिवसांनी दुकानात मोटर आली. ती तिनेच आणली होती.

पुढे व्यायाम. आधी दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग एकट्या दुखऱ्या पायाने. दादा "पंधरा" म्हणायचा आणि आतून वहिनी ओरडायची, "नऊ झालेत!" फसवता येत नाही म्हणून तो बहिणीवर चिडायचा, ती त्याच्यावर, आणि दोघं मिळून वहिनीवर. असं सात महिने चाललं. पण चाललं, हे महत्त्वाचं.

वर्षभराने तो पुन्हा खेळू लागला. उडी मात्र तिने बंद केली होती. एके दिवशी तो दवाखान्यात आला तो ऐटीत, नवी पँट घालून. पोटरी अजून बारीक आहे का, हे बघायला तिने पाय न्याहाळले. दोन्ही पायांवर पँट अगदी सारखी बसली होती. तिला बरं वाटलं. मग संशय आला. तिने शिवण उलटून बघितली.

"तू पँटचा एक पाय आत घेतलास?"

"दीड बोटच," दादा म्हणाला. "कळतं का कुठे?"

"अरे, पोटरी वाढव! पँट काय कमी करतोस!"

"पँट अर्ध्या तासात झाली," तो म्हणाला.

तिने बोट दाखवलं. तो निमूटपणे भिंतीला हात टेकून उभा राहिला आणि टाच उचलू लागला. मोजत ती होती.