प्रोसेसरवरचा पंखा

पंखे दुरुस्त करायचा म्हणून सगळे त्याला पंखेवालाच म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. बावीस वर्षं त्याने जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग केलं. बिघडलेला पंखा चालू करायचा, डोळे मिटून क्षणभर उभा राहायचा आणि सांगायचा, "खालचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर खालचंच गेलेलं असायचं. असा त्याचा कान! एरवी माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण साडूचं नाव निघालं की अंगाचा नुसता तिळपापड.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, विमा कचेरीतला कारकून. त्याच्याकडे काचेच्या पेटीतला कॉम्प्युटर होता. आत निळे-जांभळे दिवे, आणि प्रोसेसर गार राहावा म्हणून नळ्यांतून चक्क पाणी खेळवलेलं. पंखेवाल्याने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोंडाने "छान आहे हो" म्हणाला आणि घरी येऊन जेवला नाही.

आता त्याच्या लेकीला घरांचे नकाशे काढायचं शिकवणाऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि घरात कॉम्प्युटर हवा झाला. बेताच्या पैशांत बसवायचं तर सुटे भाग आणून घरीच जोडावा, हे कुणी सुचवलं? साडूने. भागांची यादी कुणी केली? साडूनेच. लेक दोन रविवार त्याच्याकडे जाऊन बसली आणि येताना तोंडात एकच जप, काका म्हणाले, काका म्हणाले. काका म्हणाले, मेमरी सोळा जीबीचीच घ्यायची, नकाशांना ती लागतेच. काका म्हणाले, प्रोसेसरच्या खोक्यात त्याचा छोटा पंखा फुकट येतो, आपल्याला तो भरपूर झाला, वेगळ्या कूलरवर, म्हणजे मोठ्या पंख्यावर, पैसे घालवायचे नाहीत.

पंखा! आता पंखाही काकाच सांगणार!

"तो फुकटातला पंखा," पंखेवाला म्हणाला, "दोन महिन्यांत रडायला लागेल बघ."

"बाबा, काकांनी सगळं वाचलंय त्यावर," यादीवरची नजर न काढता लेक म्हणाली.

"अहो, भाऊजींना कळतं त्यातलं," बायकोने आतून भर घातली. तिला काय, ती सहज बोलून गेली. इकडे याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

खरेदीच्या दिवशी लेकीचा वर्ग होता, म्हणून यादी घेऊन तो एकटाच गेला. दुकानात पोचल्या पोचल्या यादी उघडायच्या आधी म्हणाला, "प्रोसेसरचे कूलर दाखवा." दुकानदाराने चार मांडले. "असे नाही, फिरवून दाखवा." दुकानदार वैतागला, पण त्याने एकेक जोडून फिरवला. पंखेवाल्याने डोळे मिटले. पहिला घरघरत होता. दुसऱ्याचं पातं किंचित डुगडुगत होतं. तिसरा ठीक. चौथा दोन पंख्यांचा, मधे पत्र्यांची उंच चवड, आणि फिरतोय की थांबलाय तेच कळेना. त्याने खिशातून टेप काढून पात्यांचा घेर मोजला आणि खूश झाला.

"हाच द्या," म्हणत त्याने आता कुठे यादी आणि ठरलेल्या पैशांचा आकडा पुढे केला.

"साहेब, हा घेतलात तर तुमचं ठरलेलं बजेट ओलांडतं."

"मग मेमरी आठची द्या."

दुकानदाराने दोनदा विचारलं, नक्की ना? पंखेवाल्याने दोन्हीदा मान डोलावली. लेकीचे नकाशे त्याच्या डोळ्यांपुढे नव्हतेच. डोळ्यांपुढे होतं साडूचं पडलेलं तोंड.

रविवारी सकाळी साडू स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर झाला. कूलर पाहून म्हणाला, "बाप रे, हत्तीच आणलात की!" लेक खुदकन हसली. मेमरी पंखेवाल्याने दुकानातच बसवून आणली होती; बाकी सगळं दोघांनी मिळून जोडलं, पंखेवाला तारा धरायला. शेवटी बाजूचं झाकण लावायला गेले तर लागेना. कूलर बोटभर बाहेर डोकावत होता.

"उंची बघितली होती का?" साडूने विचारलं.

कुठली उंची? जन्मभर त्याने घेर मोजलेला. पंख्याची उंची मोजायची असते हे त्याच्या गावीही नव्हतं.

"राहू दे उघडंच," तो म्हणाला. "तेवढीच हवा लागेल."

कॉम्प्युटर सुरू झाला आणि खोलीत चिडीचूप. "ऐका साडूभाऊ, येतोय आवाज?" साडूने कान लावला. "नाही बुवा. मानलं तुम्हाला!" दहा मिनिटं पंखेवाला अगदी हवेत होता.

मग लेकीने तिचा नकाशा उघडला, तीन मजली इमारतीचा. ती फिरवायला गेली तर पडदा गोठला. बंद करून पुन्हा उघडला, पुन्हा तेच. तिने कुठेतरी जाऊन आकडा बघितला.

"काका, मेमरी आठच दाखवतंय! यादीत सोळा होती ना? उद्या कॉलेजात पहिलं काम द्यायचंय मला!"

साडूने आधी कूलरकडे पाहिलं, मग पंखेवाल्याच्या चेहऱ्याकडे. त्याला काय ते कळलं.

"अगं, मीच फोन केला होता दुकानात," तो म्हणाला. "म्हटलं, आठ चालेल. माझाच अंदाज चुकला."

लेकीचे डोळे भरून आले. "काय हो काका! यापुढे तुम्हाला नाही विचारणार. बाबांनाच विचारीन."

हेच ऐकायला पंखेवाला कधीचा झुरत होता. आणि ऐकल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मोठेपणातही हाच पुढे? लेकसुद्धा यानेच मला द्यायची, भीक घातल्यासारखी?

"खोटं बोलतायत ते," तो एकदम ओरडला. "आठची मी घेतली. ह्या कूलरपायी."

खरेपणाबिरेपणा काही नव्हता त्यात. साडूला तेवढंही मिळू द्यायचं नव्हतं, बस्स. बायको दारात येऊन उभी राहिली. साडू उगाच स्क्रू गोळा करायला लागला.

"पण का, बाबा?" लेकीने विचारलं.

त्याला काहीतरी ठणकावून सांगायचं होतं. पण म्हणाला एवढंच, "घरात पंखा यायचा होता गं, आणि तू मला विचारलंसुद्धा नाहीस."