डाव्या हाताची घडी

दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिला सगळे घडीबाई म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, आणि तेव्हाही दोनदा पुकारल्याशिवाय ती पुढे व्हायची नाही. अंगाने काटकुळी, आणि बोलण्यात इतकी चिक्कू की शेजारणींनी तिच्याकडून बातमी काढायचा नाद कधीच सोडून दिला होता. शेजारणींनी असा नाद सोडणं म्हणजे काय ते समजून घ्या.

पण हात! चादरीची घडी घालायला जगात सगळीकडे दोन माणसं लागतात. दोघी चार कोपरे धरतात, मागे सरकतात, पुढे येतात. इथल्या मागच्या खोलीत सरकायला जागाच नव्हती. एका बाजूला वाफेची इस्त्री, दुसऱ्या बाजूला चाकांच्या गाड्या, मध्ये एका बाईपुरती वाट. घडीबाईने तोडगा काढला होता. चादरीची एक कड हनुवटीखाली दाबायची, हात खाली न्यायचे, तीन पदर करायचे, आणि उरलेली उघडी कड डाव्या हाताने आत वळवून कोपराने दोनदा दाबायची. तिची बघून बाकीच्या अकराही जणी तशाच घडी घालायला लागल्या, फक्त उजव्या हाताने. डावखुरी ती एकटीच. वॉर्डातल्या नर्सा म्हणायच्या, “तुमची चादर जिन्यावरून फेकली तरी सुटत नाही गं!”

ही घडी कशातून आली, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी याच दवाखान्यात दुसऱ्या बाळंतपणात तिचं पोट फाडलं. बाळ दोन दिवस जगलं. टाके ओले असतानाच ती कामावर परतली, तेव्हा हात खांद्याच्या वर जाईनात. मग हनुवटी कामाला लावली. एवढंच.

बाळ गेल्यावर पुन्हा दिवस राहिले नाहीत. थोरली मुलगी होती, पण सासूबाईंना घरात दुसरं मूल हवं होतं. सासूबाईंचे गुडघे एरवी दुखायचे, जिना चढताना प्रत्येक पायरीला एक सुस्कारा. पण सुनेला दाखवायला न्यायचं म्हटलं की बाई अशा तुरुतुरु चालायच्या की गुडघे लाजावेत. शहरात जिथे म्हणून मूल होण्याच्या औषधाची पाटी होती, तिथला बाक त्यांच्या ओळखीचा होता. कुणी पूड दिली, कुणी काढा, कुणी सुया टोचल्या. एकाने तर घडीबाईला महिनाभर फक्त डाव्या कुशीवर झोपायला लावलं. शेजारणी हसल्या. घडीबाई डाव्या कुशीवर झोपली.

तीन वर्षं असं चाललं. मग एका शहाण्या डॉक्टरणीने तिला तपासलं आणि सासूबाईंना बाहेर बसवून विचारलं, “बाई, तुमची शस्त्रक्रिया झालीय ना? नळ्या बांधलेल्या आहेत. मग इथे कशाला येता?”

घडीबाईने बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं, “पुन्हा बोलावलंय.” लग्नानंतरचं तिचं पहिलं खोटं. नीट जमलंही नाही, पण सासूबाईंना ऐकायचं तेच होतं, त्यामुळे खपून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती धुतलेले पडदे घेऊन जुन्या कागदांच्या खोलीत गेली. तिथल्या कारकुनाला तिने कधी जास्तीचा टॉवेल दिला असेल, तेवढ्या ओळखीवर त्याने फाइल काढली. मधल्या पानावर लिहिलं होतं: नळ्या बंद केल्या. कारण: कुटुंबाची इच्छा. खाली सही नवऱ्याची. ती सही ती ओळखायची. मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली.

आता कुणीही म्हणेल, त्याच संध्याकाळी विचारायचं ना! घडीबाईने विचारलं नाही. नवरा धुलाईखान्याचीच गाडी चालवायचा. घडी घातलेल्या चादरी वॉर्डांत आणि लांबच्या दोन दवाखान्यांत पोहोचवायचा. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही, मुलीची वेणीसुद्धा घालायचा, वाकडी का होईना. त्याने न वाचता सही केली असेल, तर त्याला सांगणं म्हणजे त्याच्या काळजात सुरी खुपसणं. आणि वाचून केली असेल तर? तीन वर्षं सासूबाई तिला या बाकावरून त्या बाकावर बसवत होत्या आणि तो समोर बसून चहा पीत होता, त्याचं काय करायचं? या दुसऱ्या शक्यतेला ती घाबरायची. म्हणून दोन्ही तशाच ठेवल्या, आणि पुढची तीन वर्षंही सासूबाईंबरोबर बाकांवर बसत राहिली.

मग सिनेमाताई आली. हे नाव धुलाईखान्यानेच पाडलेलं. ती पूर्वी इथेच प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती, घडीबाईची घडी निघायच्या आधी. नोकरी सोडून आता एक पेटी घेऊन फिरायची. पेटीत एक छोटंसं यंत्र आणि पांढरा पडदा. आठ-दहा मिनिटांचे छोटे सिनेमे दाखवायची: पाळीवर, गर्भपातावर, बाळंतपणात बायकांना पडणाऱ्या शिव्यांवर. सिनेमा संपला की भाषण नाही. एक प्रश्न टाकायची आणि गप्प बसायची. तिच्यासारखं गप्प बसणं कुणाला जमत नव्हतं. समोरच्याला शेवटी बोलावंच लागायचं.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पडदा लावायला खिळा मिळेना, तेव्हा इस्त्रीवाली मावशी म्हणाली, “अगं, पडदा कशाला? आमच्याकडे चादरी काय कमी आहेत? डागांसकट हव्या की डागांशिवाय?” सगळ्या खिदळल्या. सिनेमा संपेपर्यंत निम्म्या रडत होत्या. घडीबाई रडली नाही. सगळ्या गेल्यावर ती सिनेमाताईला वायर गुंडाळायला मदत करायला थांबली, आणि वायर गुंडाळता गुंडाळता तिने सगळं सांगितलं. सही सोडून सगळं.

सिनेमाताई खाली बसली. म्हणाली, “ताई, तुम्ही पहिल्या नाही. मी त्या वॉर्डात होते. याच्यावर सिनेमा करू या. तुमचं तोंड दिसणार नाही, आवाज दुसऱ्या बाईचा असेल. तुम्हाला तुमची सख्खी आई ओळखणार नाही.”

घडीबाईने महिनाभर विचार केला आणि हो म्हणाली.

सिनेमावाल्यांनी काळजी खरंच घेतली. दवाखान्याचा शिक्का असलेली चादर नको म्हणून कोरी आणली. खोली दुसरीकडची, बांगड्या काढायला लावल्या, बोटातली अंगठीसुद्धा. आवाज भरल्या गळ्याच्या एका बाईने दिला. पडद्यावर नुसते हात. सिनेमाताई तिला म्हणाली, “हात मोकळे ठेवा, काहीतरी करत राहा, म्हणजे अवघडल्यासारखं वाटणार नाही.” घडीबाईच्या मांडीवर चादर होती. तिने घडी घातली. मोडली. परत घातली. कॅमेरावाला म्हणाला, “वा! हेच ठेवू या.” त्या खोलीत तिच्याशिवाय चौघं होती आणि चौघांपैकी एकालाही धुलाईखान्यात चादरीची घडी कशी घालतात याचा पत्ता नव्हता. आणि जिला होता, तिला आपण वेगळं काही करतोय असं वाटलंच नाही. श्वास घेताना कोण नाकाकडे बघतं?

सिनेमा तयार झाल्यावर सिनेमाताई विचारायला आली. “यावेळी पुरुषांनाही बसवायचं म्हणतेय. बॉयलरवाले, गाडीवाले. चालेल ना तुम्हाला? नाहीतर हा इथे नको, दुसरीकडे दाखवेन.”

“इथेच दाखवा,” घडीबाई म्हणाली, जरा घाईनेच. मग सांभाळून घेत, “मात्र शेवटी विचारा, कागदावर सही कुणाची असेल.”

तिचा बेत साधा होता. अंधारात नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. पडद्याचा उजेड तोंडावर पडतोच. त्याला माहीत नसेल तर तो एखाद्या परक्या बाईची गोष्ट ऐकावी तसा ऐकेल, चुकचुकेल, विसरेल. आणि माहीत असेल तर दिसेलच. काही न विचारता उत्तर मिळेल.

दुपारी तीनला इस्त्र्या बंद केल्या. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. नवरा दाराजवळच्या उलट्या टोपलीवर बसला होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत. बॉयलरवाला ओरडला, “मारामारी आहे का हो यात?” मावशी म्हणाली, “गप बस, नाहीतर मीच दाखवते.”

पडदा उजळला. हात आले. त्या परक्या आवाजाने सांगायला सुरुवात केली: मी शुद्धीवर आले तेव्हा बाळ काचेच्या पेटीत होतं. हातांनी चादर उचलली. एक पदर, दुसरा, तिसरा. डाव्या हाताने कड आत वळवली. कोपराने दोनदा दाबलं.

बायकांच्या बाजूला कुणीतरी हळूच म्हणालं, “अगं बाई...”

बस्स, तेवढंच. अकरा जणींपैकी एकीनेही वळून बघितलं नाही, आणि न वळण्यातच सगळं आलं. आपलीच घडी पडद्यावर पहिल्यांदा बघत होती ती, आणि तिला कळलं की आपण तोंड झाकलं आणि नाव सांगून टाकलं.

तरी तिने नवऱ्याकडे बघितलं. रोज शेकड्याने त्या घड्या गाडीत रचणारा माणूस. किल्ली फिरायची थांबली होती. त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. आश्चर्य तिने किती वेळा मनात रंगवलं होतं. उघडं तोंड, वर गेलेल्या भुवया. त्याच्या तोंडावर भीती होती.

दिवे लागले. सिनेमाताईने प्रश्न टाकला, “काय वाटलं?” आणि ती गप्प बसली. पण आज धुलाईखाना तिच्याहून गप्प. तिला काही उमगेना. शेवटी ठरल्याप्रमाणे तिने दुसरा प्रश्न विचारला, “त्या कागदावर सही कुणाची असेल?”

“नवऱ्याची, आणखी कुणाची?” बॉयलरवाला म्हणाला. त्याला घड्यांतलं काय कळणार! “बिचाऱ्याला पुढे केला असेल कागद, दिला असेल अंगठा ठोकून.”

नवरा उठला. “गाडी आडवी लावलीय,” असं कुणालाच न सांगितल्यासारखं सांगून बाहेर गेला.

मावशीने घसा साफ केला. “हात कुणाचे का असेनात,” ती सिनेमाताईला म्हणाली, “त्या बाईला सांगा, तिच्या वाटणीच्या चादरी आज आम्ही करतो. तिने घरी जावं.”

घडीबाई घरी गेली. सासूबाई खाली बाकावर गप्पा मारत होत्या, मुलगी शेजारणींकडे खेळत होती. नवरा नेहमीच्या वेळेला आला. हात धुतले, पुसले, परत धुतले.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

तो मोरीपाशीच उभा राहिला. “डॉक्टर म्हणाले, पुन्हा दिवस राहिले तर ही वाचणार नाही. दोन मिनिटांत सांगा म्हणाले. मी काय करणार होतो?”

“कागदावर तसं लिहिलेलं नाही.”

“तू कागद बघितलास?”

“तीन वर्षं झाली. ‘कुटुंबाची इच्छा’ असं लिहिलंय. कुटुंबात मी नव्हते का?”

“मी वाचलं नाही काय लिहिलं ते. तोंडी सांगितलं ते ऐकलं. शपथ घेतो हवी तर.”

“बरं. नाही वाचलं. मग मी शुद्धीवर आल्यावर?”

“तू बाळासाठी रडत होतीस गं. म्हटलं, सावरू दे, मग सांगू. मग आई तुला डॉक्टरांकडे न्यायला लागली. तेव्हा सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, तू सही केलीस, तूच घर बुडवलंस.” त्याने टॉवेल खुंटीला लावला, तो पडला, परत लावला. “दिवस जात गेले.”

“तुमचे,” ती म्हणाली. “मी काढे पीत होते.”

तो काही बोलणार तेवढ्यात जिन्यावर सुस्कारे ऐकू आले. सासूबाई धापा टाकत आत आल्या, पण तोंड खुललेलं. “अगं, एक नवी डॉक्टरीण कळलीय. बसने दीड तास, पण हाताला गुण आहे म्हणे. सोमवारचा नंबर लावलाय. यावेळी नाही म्हणू नकोस.”

घडीबाईने नवऱ्याकडे बघितलं. आता त्याची पाळी होती. एक वाक्य, फार तर दोन. तिने वाट बघितली, अगदी त्या सिनेमाताईसारखी.

नवरा म्हणाला, “बसने नको आई. सोमवारी मला सुट्टी आहे. मी गाडीने सोडतो तुम्हा दोघींना.”

शेजारच्या भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात होतं, आणि भिंतीपलीकडच्यांनी नंतर सांगितलं की घडीबाईचा आवाज अजिबात चढला नाही. रजा सांगावी तसं तिने सांगितलं. “मी येणार नाही, आई. माझ्या नळ्या बांधलेल्या आहेत. बाळंतपणातच बांधल्या. सही यांची आहे. यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. “ही काय बोलतेय रे?”

त्याने खुंटीवरचा टॉवेल काढला, परत लावला.

“अरे, खरं का?”

त्याने मान हलवली, कशीबशी.

सासूबाई भिंतीला धरून खाली टेकल्या. बराच वेळ गुडघा चोळत बसल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “सहा वर्षं,” त्या मुलाला म्हणाल्या, “सहा वर्षं माझ्या या पायांनी मला का रे फिरवलंस?”

नवरा धावत आत गेला. आईसाठी पाणी घेऊन आला, एकच पेला, आणि तिच्या पायाशी बसला. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिला, “चुकलं माझं, आई. आई, चुकलं.”

घडीबाई दाराशी उभी होती. थोडा वेळ तिने ते ऐकलं. मग चपला घातल्या आणि मुलीला आणायला शेजारी गेली. तिने दार ठोठावायच्या आधीच शेजारणींनी ते उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा एकीच्याही तोंडून प्रश्न फुटला नाही. “पोरगी झोपलीय,” एवढंच म्हणाल्या आणि तिला बसायला जागा केली. ती बसली. रात्रभर तिथेच राहू का, असं तिने विचारलं.